नुसते ‘कर्वे’ नको, पूर्ण नाव छापावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल महिन्यातील १८ आणि १९ या लागोपाठच्या तारखांना आपल्याकडच्या बहुतेक दिनविशेषांत एकाच आडनावाच्या दोन व्यक्तींची नोंद येते. १८ एप्रिल १८५८ हा महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्मदिवस, तर १९ एप्रिल १९१० या दिवशी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत लक्ष्मण कान्हेरे, विनायक नारायण देशपांडे आणि कृष्णाजी गोपाळ कर्वे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या दोन नोंदींपायी केवढा घोटाळा होतो, हे मी गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहिले आणि तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात होते. पत्र लांबले आहे, परंतु विषय चार ओळींत उरकण्यासारखा नाही, म्हणून वाचण्याची तसदी घ्यावी ही विनंती.

मी साताऱ्यातील एका शाळेत एकतीस वर्षे ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावरही आसपासच्या शाळांतून वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बोलावणे येते. गेल्या वर्षी अशाच एका स्पर्धेत नववीतील एक मुलगी समाजसुधारकांवर बोलायला उभी राहिली. भाषण तिने मन लावून तयार केले होते, उच्चार स्वच्छ होते, आणि बोलता बोलता ती म्हणाली, “विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या अण्णा कर्वे यांना इंग्रज सरकारने ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढवले.” सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या दोन्ही परीक्षकांनी गुण मांडले आणि कोणाच्याही कपाळावर आठी उमटली नाही. स्पर्धा संपल्यावर मी तिला जवळ घेऊन विचारले, “बाळ, हे कुठे वाचलेस?” तिने दप्तरातून वही काढून दाखवली. वहीच्या एका पानावर वर्तमानपत्राची दोन कात्रणे डिंकाने शेजारी शेजारी चिकटवलेली होती. पहिल्यात ‘समाजसुधारक अण्णा कर्वे यांचा जन्म’ एवढीच ओळ होती. दुसऱ्यात ‘अण्णा कर्वे यांना फाशी’ अशी ओळ होती आणि तिच्यावर पांढऱ्या दाढीतील वृद्ध महर्षींचे छायाचित्र छापलेले होते. डिंक वाळून कागद सुरकुतला होता, आणि दोन्ही कात्रणांखालून तिने लाल शाईची एकच रेघ ओढून त्यांची सांगड घातली होती.

ते दैनिक कोणते, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. त्या दोन ओळींतील एकही शब्द खोटा नव्हता. महर्षींना घरात आणि आश्रमात ‘अण्णा’ म्हणत, आणि कृष्णाजी गोपाळ कर्वे यांनाही त्यांच्या वर्तुळात ‘अण्णा’ हेच नाव होते. छायाचित्र तेवढे चुकले होते, पण ते चुकण्याचे मूळ मजकुरातच होते. ‘धोंडो केशव’ आणि ‘कृष्णाजी गोपाळ’ हे दोन-दोन शब्द छापले असते, तर पानावर छायाचित्र बसवणारा कर्मचारीही क्षणभर थबकला असता आणि ती मुलगीही.

त्या मुलीच्या वाक्याने कोणाकोणावर अन्याय झाला, हे मला सविस्तर मांडावेसे वाटते. १९१० सालच्या एप्रिलमध्ये धोंडो केशव कर्वे बावन्न वर्षांचे होते आणि पुण्याजवळच्या हिंगण्याला आश्रम चालवत होते. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला होता, १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू केले होते, फर्ग्युसन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी अजून सुटली नव्हती, आणि ज्या महिला विद्यापीठामुळे पुढे त्यांचे नाव देशभर झाले ते १९१६ साली निघायचे होते. त्यांच्या आयुष्याची अजून बावन्न वर्षे शिल्लक होती. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये वयाच्या १०५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये भारतरत्न हे सन्मान त्यांनी स्वीकारले, आणि जन्मशताब्दीच्या टपाल तिकिटावर स्वतःचे चित्र हयातीत पाहिले. फाशीच्या त्या एका शब्दाने हे सगळे पुसले जाते. विद्यापीठ नाही, देणगीदारांच्या पायऱ्या झिजवणे नाही, म्हातारपणी खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांसाठी पैसा पैसा गोळा करणे नाही. अत्यंत शांतपणे, समाजाचा रोष सोसत, आयुष्यभर एकच काम करत राहणे हे ज्यांचे धैर्य, त्यांना आपण दुसऱ्याच प्रकारचे धैर्य बहाल करतो आणि त्यांचे स्वतःचे काढून घेतो.

कृष्णाजी गोपाळ कर्वे यांच्यावरचा अन्याय तर याहून मोठा आहे, कारण त्यांच्यापाशी गमावण्यासारखे फार थोडे उरले आहे. ऐन तारुण्यात ते फासावर गेले. त्यांच्या नावाचे विद्यापीठ नाही, साऱ्या महाराष्ट्राला माहीत असा रस्ता नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, म्हणून कान्हेरे यांचे नाव निदान पाठ्यपुस्तकांत राहिले. कटाची बाजू सांभाळणारे कर्वे आणि देशपांडे ‘व त्यांचे साथीदार’ या शब्दांत विरून गेले. वर्षातून एकदा, दिनविशेषाच्या एका ओळीत कर्वे यांचे नाव छापून येते, आणि त्या एका ओळीवरही छायाचित्र दुसऱ्याचे लागते! हे वाचून मला त्या संध्याकाळी जेवण गेले नाही.

आणखी एक गोष्ट येथे नमूद करते. जॅक्सनच्या निरोपासाठी त्या रात्री विजयानंदमध्ये ज्या नाटकाचा प्रयोग होता, ते नाटक होते ‘शारदा’. म्हाताऱ्या वराच्या गळ्यात कोवळी मुलगी बांधणाऱ्या रूढीवरचे हे नाटक आहे. अशाच रूढींतून ज्या बालविधवा निपजत, त्यांना शहाण्या करून स्वतःच्या पायांवर उभे करण्याचे काम त्याच सुमारास दुसरे कर्वे हिंगण्याच्या माळावर करत होते. दोन कर्व्यांच्या कामांतले अंतर आणि जवळीक त्या एका रंगमंचावर एकत्र दिसते. ही जवळीक विद्यार्थ्यांना दाखवायची असेल, तर आधी ही दोन माणसे वेगळी आहेत हे त्यांना कळले पाहिजे.

आता माझ्या ग्रंथालयाविषयी थोडे लिहिते, कारण या प्रश्नाकडे मी ज्या नजरेने पाहते ती तेथे घडली. संगणक येण्यापूर्वी आमच्याकडे लाकडी खणांचे कपाट होते आणि त्यात लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावलेली तालिकापत्रे, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची छोटी कार्डे, होती. ‘क’च्या तिसऱ्या खणात कर्वे होते. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या आधीच्या गृहस्थांनी बरीच पत्रे ‘कर्वे’ एवढ्याच शब्दाखाली लावलेली होती. एकाच दोरीत महर्षींचे ‘आत्मवृत्त’ होते, इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ होते, संततिनियमनावरचे एक जुने पुस्तक होते, आणि शब्दकोशाचे खंडही होते. कोणी ‘कर्व्यांचे पुस्तक द्या’ म्हणाले, की मी विचारायची, ‘कोणत्या कर्व्यांचे?’ बहुतेकांना हा प्रश्नच नवा वाटे. पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती सगळी पत्रे बाहेर काढून पुन्हा लिहिली: आडनाव, स्वल्पविराम, स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्माचे वर्ष. हे काम करताना एका आडनावाखाली किती निरनिराळी आयुष्ये दाटीवाटीने राहतात, ते प्रथमच समजले.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे पत्र मी तेव्हा सर्वांत काळजीपूर्वक लिहिले. ते महर्षींचे थोरले चिरंजीव, पहिल्या पत्नी राधाबाई यांच्या पोटी १८८२ साली जन्मलेले. वडिलांप्रमाणेच तेही गणिताचे प्राध्यापक होते, आणि संततिनियमनाचा उघड प्रचार केला म्हणून त्यांना मुंबईतील प्राध्यापकीवर पाणी सोडावे लागले. १९२७ च्या जुलैपासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले, आणि त्यातील १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. आपल्याकडे ‘र. धों.’ आणि ‘धों. के.’ ही आद्याक्षरे ज्यांना सवयीची आहेत, त्यांना या दोघांत फरक करणे अवघड जात नाही. परंतु सवय नसलेल्या वाचकाला दोन्हींत ‘धों.’ दिसते, आणि तो बिचारा एकाचे दुसऱ्याला चिकटवतो. ‘समाजस्वास्थ्य’ महर्षींनी चालवले, असे मी एका संस्थेच्या स्मरणिकेत छापलेले वाचले आहे. वडिलांचे काम लोकांच्या वर्गणीवर उभे होते, त्यामुळे त्यांना पाऊल जपून टाकावे लागे. मुलाला जपून बोलणे मान्यच नव्हते, आणि त्याची पुरेपूर किंमत त्याने मोजली. मुलाच्या हालअपेष्टा वडिलांच्या नावावर जमा करणे हे दोघांच्याही स्वभावाशी विसंगत आहे. रघुनाथराव गेले तेव्हा वडील पंच्याण्णव वर्षांचे होते आणि त्यानंतर नऊ वर्षे जगले, ही एक गोष्ट जरी नोंदीत आली, तरी वाचकाच्या मनात दोन माणसे दोन जागी उभी राहतील.

स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांचा घोटाळा याहून वेगळा आहे. त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकांत ‘कर्वे समिती, १९५५’ अशी एक नोंद असते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांचा विचार करणारी ही समिती दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली होती. हे अर्थशास्त्रज्ञ, पुण्यातील बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर झाले. वर्ष १९५५ आणि आडनाव कर्वे एवढेच दिल्यावर, त्याच वर्षी पद्मविभूषण मिळालेल्या महर्षींकडे विद्यार्थ्याचे बोट गेले तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. वडिलांचे नाव ‘गोपाळ’ दिसल्यावर फासावर गेलेल्या कृष्णाजींशी यांचे नाते जोडणारेही भेटतात. एवढ्या धाग्यावर नाते जोडू नये, हे मला वेगळे सांगावे लागले आहे. आद्याक्षरांनी भागत नाही ते याच कारणाने. ‘द. गो.’, ‘कृ. गो.’, ‘चिं. ग.’, ‘दि. धों.’, ‘र. धों.’ ही अक्षरे जाणकारांसाठी खूण आहेत, पण नवख्या वाचकाला त्यांतून कोणाचाही चेहरा दिसत नाही.

‘चिं. ग.’ म्हणजे चिंतामण गणेश कर्वे यांच्याविषयी मला विशेष आत्मीयता आहे, ती व्यवसायामुळे. १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड निघाले आणि १९५० मध्ये पुरवणी निघाली. यशवंत रामकृष्ण दाते यांच्याबरोबर ते या कोशाचे संपादक होते. मराठीचे शिक्षक अजूनही ‘दाते-कर्वे काढून बघ’ असे म्हणतात. एखाद्या माणसाचे आडनाव कोशाचेच नाव व्हावे, हा फार मोठा मान आहे यात शंका नाही. परंतु त्या मानाबरोबर ‘चिंतामण गणेश’ आणि ‘यशवंत रामकृष्ण’ हे दोघेही हरवले. दाते या आडनावाचा घोळ तर निराळाच, कारण १८०० सालापासूनच्या मराठी ग्रंथांची सूची तयार करणारे शंकर गणेश दाते हे वेगळे. माझ्याकडे प्रशिक्षणासाठी आलेल्या एका मुलीने कोशाचे खंड आणि ग्रंथसूचीचे खंड एकाच लेखकाचे समजून एकाच फळीवर लावून ठेवले होते. दोन्हींच्या पाठी सारख्याच जाडजूड, दोन्हींवर ‘दाते’. चूक कुठून झाली ते उघड होते. कोणताही मराठी शब्द अडला की ज्या माणसाच्या कष्टांवर आपण विसंबतो, त्याचे पूर्ण नाव आपल्या मुलांना माहीत नसावे, याचे मला वाईट वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत आडनाव आणखीच फसवे ठरते. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला, तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले, आणि त्या माहेरच्या करमरकर. महर्षींचे चिरंजीव, फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या कर्वे झाल्या. बर्लिनला जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली, डेक्कन कॉलेजात अनेक वर्षे मानववंशशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवले, भारतातील नातेव्यवस्थेवरचा त्यांचा १९५३ चा ग्रंथ अभ्यासकांना आजही लागतो, आणि ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढे असूनही त्यांच्यावरच्या टिपणाचा आरंभ ‘महर्षी कर्वे यांच्या सूनबाई’ असा झालेला मी अनेकदा पाहिला आहे. सून असणे ही कमीपणाची गोष्ट नव्हे. परंतु ज्या विदुषीने साऱ्या देशाच्या नात्यागोत्यांचा अभ्यास केला, तिची ओळख एका नात्यापुरती ठेवणे योग्य नाही. त्यांच्या दोन्ही कन्या, जाई निंबकर आणि गौरी देशपांडे, लेखिका म्हणून नामवंत झाल्या. त्यांची तालिकापत्रे अर्थातच ‘न’ आणि ‘द’ च्या खणांत गेली.

याउलट आनंदीबाई कर्वे, ज्यांना ‘बाया’ म्हणत, यांचे उदाहरण पाहावे. माहेरच्या जोशी, पहिल्या लग्नाने नातू, बालपणीच वैधव्य आलेले, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी, आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर कर्वे. आडनाव दोनदा बदलले आणि गोदूबाईंची आनंदीबाई झाली, पण माणूस एकच. त्यांच्या सख्ख्या भगिनी पार्वतीबाई आठवले. याही विधवा झाल्यावर हिंगण्याच्या आश्रमात आल्या आणि संस्थेसाठी वर्गणी जमवत अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. ‘माझे पुराण’ हे आनंदीबाईंचे आणि ‘माझी कहाणी’ हे पार्वतीबाईंचे आत्मकथन माझ्या कपाटात एकमेकांपासून दोन खण दूर होते. दोघी एकाच आईच्या लेकी, एकाच आश्रमाच्या कार्यकर्त्या, हे तालिकापत्रावरून कोणालाही कळले नसते. मी दोन्ही पत्रांच्या खाली बारीक अक्षरात ‘भगिनी, पाहा’ असे लिहून ठेवले होते. ग्रंथालयशास्त्राच्या नियमांत ते बसते की नाही, याची मी फिकीर केली नाही. आडनाव एक म्हणून माणसे एक होत नाहीत आणि आडनावे निराळी म्हणून घर तुटत नाही, हे आपल्याकडच्या स्त्रियांना कोणी शिकवावे लागत नाही. मी स्वतः लग्नानंतर आडनाव बदलले, आणि माझी शाळेची प्रमाणपत्रे व निवृत्तिवेतनाची कागदपत्रे एकाच व्यक्तीची आहेत, हे सिद्ध करायला मला किती खेपा पडल्या, हे माझे मलाच ठाऊक.

काही जण म्हणतील की पूर्ण नाव छापायला वर्तमानपत्रात जागा कुठे असते. ‘कृष्णाजी गोपाळ’ हे दोन शब्द आहेत, आणि चुकीची दुरुस्ती छापायला त्याहून अधिक जागा लागते. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. आमच्या वयाच्या लोकांना नुसत्या आडनावात एक प्रकारचा आदर जाणवतो. ‘आगरकर, कर्वे’ असे ओळीने म्हटले, की पुढे काही सांगावे लागत नाही, असे आम्हांला वाटते. हे खरे आहे, पण तो आदर आमच्या पिढीच्या ऐकीव माहितीवर उभा आहे. घरात आजोबांकडून ज्यांनी ही नावे ऐकली नाहीत, ज्यांच्या घरातील पहिले शिकलेले माणूस म्हणजे तेच, अशा मुलामुलींना नुसते आडनाव म्हणजे बंद दरवाजा आहे. ती नववीतली मुलगी अशाच घरातली होती. तिचे वडील ट्रॅक्टर चालवतात, आई शेतावर जाते, आणि घरी येणारे वर्तमानपत्र हेच तिचे ग्रंथालय आहे. त्या वर्तमानपत्राने तिला पूर्ण नाव द्यायला हवे होते.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, तरी लिहिते. नुसते आडनाव वाचले की आपल्याकडे मन पहिल्यांदा जात ओळखते आणि मग तेथेच थांबते. ‘कर्वे ना, म्हणजे कोकणस्थ’ एवढे कळले की बऱ्याच जणांना पुढचे काही नको असते, मग ते कौतुक करणारे असोत की नाके मुरडणारे. कोकणातील मुरुड या त्यांच्या गावच्या ज्या गावकऱ्यांनी विधवेशी लग्न केले म्हणून धोंडो केशवांना वाळीत टाकले, त्यांना त्यांचे आडनाव आणि जात चांगलीच ठाऊक होती. त्यांना खटकले ते या एका माणसाने केलेले कृत्य. कृत्य माणसाचे असते, म्हणून नावही त्या माणसाचे हवे. आईवडिलांचे नाव लावून आडनाव गाळणारे तरुण आज दिसतात, त्यांच्या निर्णयाचा मला आदरच आहे. परंतु जे हयात नाहीत, त्यांची नावे त्यांनी ज्या प्रकारे लिहिली तशीच आपण लिहिली पाहिजेत.

रस्त्यांच्या आणि चौकांच्या पाट्यांविषयीही दोन शब्द. पुण्यातील कर्वे रस्ता, कोथरूडचा कर्वे पुतळा, कर्वेनगर, आणि मुंबईत चर्चगेटकडून जाणारा महर्षी कर्वे मार्ग, ही सगळी ठिकाणे धोंडो केशवांच्या स्मरणार्थ आहेत. मुंबईच्या पाटीवर ‘महर्षी’ हा शब्द तरी आहे. पुण्यात बोलताना तोही गळून पडतो आणि बसमधला वाहक ‘कर्वे पुतळा’ एवढेच ओरडतो. बोलण्यात तसे होणारच, त्याला इलाज नाही आणि असण्याची गरजही नाही. परंतु कोरलेल्या पाटीवर पूर्ण नाव आणि जन्ममृत्यूची वर्षे असावीत, ही मागणी वर्तमानपत्रांनी लावून धरली, तर नगरपालिका आणि महापालिकांना ती अवघड नाही.

आपल्या दैनिकाकडे माझी मागणी एवढीच आहे की कोणत्याही दिवंगत व्यक्तीचा बातमीत, लेखात किंवा दिनविशेषात प्रथम उल्लेख करताना तिचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे पूर्ण नाव छापावे. स्त्रियांच्या बाबतीत ज्या नावाने त्यांनी स्वतः लेखन किंवा कार्य केले ते नाव छापावे, आणि शक्य तेथे माहेरचे नाव द्यावे. त्यानंतर त्याच मजकुरात नुसते आडनाव आले तरी हरकत नाही. छायाचित्रांच्या संग्रहात ‘कर्वे’, ‘दाते’, ‘रानडे’, ‘जोशी’ अशा नुसत्या आडनावांखाली ठेवलेली छायाचित्रे असतील, तर त्यांच्या मागे पूर्ण नाव लिहून घ्यावे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि निंबाळचे गुरुदेव रामचंद्र दत्तात्रेय रानडे यांच्या बाबतीत उद्या असाच प्रसंग यायला नको.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हेही कळवते. मी तिला रागावले नाही आणि गुणही कापले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला घरी बोलावून ‘आत्मवृत्त’ वाचायला दिले. शाळेची परीक्षा द्यायला धोंडो केशव मुरुडहून घाट चढून पायी साताऱ्याला आले होते, आणि येथवर पोचल्यावर वय लहान दिसते या कारणाने त्यांना परीक्षेला बसू दिले नाही, हा प्रसंग तिने तेथेच ओसरीवर बसून वाचला. आपल्याच गावात हे घडले, याचे तिला फार नवल वाटले. मग तिने वही उघडली, लाल रेघ खोडली, एका कात्रणाखाली ‘धोंडो केशव’ आणि दुसऱ्याखाली ‘कृष्णाजी गोपाळ’ असे लिहिले, आणि दुसऱ्या कात्रणावरचे छायाचित्र नखाने अलगद सोडवून काढले. ती जागा अजून रिकामी आहे. येत्या १९ एप्रिलला आपल्या दैनिकाने कृष्णाजी गोपाळ कर्वे यांचे खात्रीचे छायाचित्र पूर्ण नावासह छापले, तर ते कात्रण मी तिला स्वतः नेऊन देईन. तालिकापत्रांसाठी मी तयार केलेली समान आडनावांची हस्तलिखित यादी माझ्यापाशी आहे. दिनविशेषाचे काम पाहणाऱ्या सहकाऱ्यांना ती उपयोगी पडणार असेल, तर तिची छायाप्रत टपालाने पाठवण्यास मी तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शालेय ग्रंथपाल
सातारा